सावलीच्या बाजूनं

उत्तरेचा वारा सुटला की आमच्या बेटावर माणसं कपाळावर हात धरूनच एकमेकांशी बोलतात. ऊन वरून तर येतंच, शिवाय पाण्यावर आपटून उलटं उसळतं आणि हनुवटीखालून तोंडात शिरतं. टोपीला ते ऐकत नाही.

मी सांगतेय त्या वर्षाच्या आधीच्या पावसाळ्यात पलीकडच्या किनाऱ्यावरची आमची केळीची जमीन नदीनं धुऊन नेली होती. गाळात काळे पडलेले बुंधे तेवढे उरले. बाबांनी मग नदीच्या वरच्या अंगाला, ओढ्याशेजारी, जुनं माजलेलं रान धरलं. वारा पडला की पाऊस येतो. वारा पडायच्या आत ते तोडायचं, वाळवायचं आणि पेटवायचं. ते साधलं नाही तर वर्षभर दुसऱ्याच्या होडीतले घड बघत बसायचं. घरात कामाचे पुरुष दोन. एक माझे बाबा, इनातोय. दुसरा माझा नवरा, डेलफिनो. आणि बाबा डेलफिनोशी बोलत नसत.

डेलफिनो सिपू आहे. जन्मापासून पांढरा. केस कोवळ्या कणसाच्या रेशमासारखे, पापण्यासुद्धा पांढऱ्या, आणि दिवसा डोळे सदा बारीक केलेले. आमच्या बेटांवर अशी लेकरं पुष्कळ घरांत जन्मतात. त्यांना चंद्राची पोरं म्हणतात, लाड करतात आणि सावलीत बसवतात. शिवण द्यायची, टोपल्या विणायला द्यायच्या. लग्नाचं कुणी मनात आणत नाही. मी आणलं. आमच्याकडे लग्न झालं की पोरगा पोरीच्या घरी राहायला येतो आणि सासऱ्याच्या हाताखाली राबतो. सगळेच घरजावई, त्यामुळे त्यात कुणाला कमीपणा नाही. कमीपणा असतो तो न राबण्यात. डेलफिनोनं रीतीप्रमाणे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चार ओंडके तोडून आमच्या दारात आणून टाकले. बाबांनी ते चुलीमागे नीट रचून ठेवले. आणणाऱ्याकडे मान वळवून बघितलं नाही.

आमची नागे जन्मली तेव्हा बाबांनी तिला दाराशी नेऊन उजेडात धरलं. ती सावळी निघाली. बाबांनी तिला माझ्या कुशीत ठेवलं आणि बाहेर जाऊन बराच वेळ होडीतलं पाणी उपसत बसले. होडीत पाणी नव्हतं.

रान धरलं त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "एडिल्मा, त्याला सांग. वारा पडायच्या आत हे रान जाळायजोगं झालं, तर ह्या घरात त्याची झोपायची झोळी राहील. नाही झालं तर ती सोडावी आणि आईच्या घरी जावं. भांडण नको, तंटा नको."

'तो' त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून केळ्याचं कालवण जेवत होता.

"मामांना सांग, ऐकलं," डेलफिनो मला म्हणाला.

"दोघांनाही कान आहेत," आई म्हणाली. "पोरीच्या हातात घास तरी राहू द्या."

मी दोघांचं एकमेकांना सांगितलं. तशी सवयच झाली होती.

तोंडाचा प्रश्न पहिल्याच दिवशी पुढं आला. हातपाय झाकता येतात, लांब बाह्यांचा सदरा आणि विजार घातली की झालं. पण तोंडाचं काय करायचं? पहिल्या दिवशी तो त्याच्या वडिलांची जुनी फेल्टची टोपी घालून निघाला. बेट सुटून होडी मोकळ्या पाण्यात गेली, वाऱ्यानं टोपी उचलली आणि ती एकटीच पुढं गेली. आमच्या होडीत बाबांचे चुलतभाऊ बेनितो असतात. त्यांची वाडी शेजारीच आहे. ते काकांमध्ये सगळ्यात मोठ्या आवाजाचे.

संध्याकाळी त्यांनीच सांगितलं, "टोपी आमच्याआधी पोचली हो! तिनंच दोन झाडं तोडून ठेवली असतील." आणि हसले. डेलफिनोही हसला. हसताना गाल ताणला गेला आणि तो मध्येच थांबला.

रात्री मी त्याच्या तोंडावर ओली फडकी ठेवत होते. तो म्हणाला, "पाण्याचं ऊन वाईट गं. वरचं निदान दिसतं तरी."

"उद्या नको जाऊस."

"मग झोळी सोडू का?"

नागे दूध पिता पिता थांबली आणि त्याच्याकडे बघायला लागली.

दुसरा उपाय आईचा. तिला डेलफिनोची माया होती, पण ती बोलून दाखवणारी बाई नव्हे. करून दाखवणारी. पहाटे तिनं शेंद्रीच्या बिया चोळल्या, खोबरेल तेलात कालवल्या आणि त्याच्या तोंडाला लावायला घेतल्या. आमच्या बायका गालाला रोज लावतात तेच. "आमची कातडी बघ," ती म्हणाली, "म्हातारी झाले तरी कशी आहे. ह्यानं काही होत नाही." सासूला नको कसं म्हणायचं? तो ओणवा होऊन उभा राहिला. तिनं कपाळापासून गळ्यापर्यंत लालभडक माखला. पांढऱ्या पापण्या, लाल तोंड. नागे घाबरून रडली.

धक्क्यावर बेनितोकाका म्हणाले, "आज चांदोबाला ग्रहण लागलंय."

ग्रहण खरंच लागलं. ऊन चढलं तसं तेल तापलं. खोबरेल तेलात मासा कसा तळला जातो ते ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. परत आला तेव्हा लाल कुठलं शेंद्रीचं आणि कुठलं कातडीचं ते कळेना. कपाळावर फोड आले होते. आईनं ते बघितलं, शेंद्रीची वाटी उचलली आणि मागच्या दारानं समुद्रात भिरकावली. मग तिथंच खाली बसली.

"मामी, तुम्ही चांगल्यासाठी केलंत," तो म्हणाला.

"गप बस," आई म्हणाली. "बोलू नकोस. गाल फाटतील."

बाबा झोळीत पडून छपराकडे बघत होते. "एडिल्मा, त्याला सांग, उद्या घरी राहावं. त्याच्या आईच्या घरी."

"मामांना सांग," डेलफिनोनं गाल न हलवता म्हटलं, "उद्या कुऱ्हाडीला धार लावायची आहे. पहाटे लावतो."

दोन दिवस मी त्याला हट्टानं थांबवलं आणि त्याला घेऊन शेजारच्या बेटावरच्या दवाखान्यात गेले. तिथं पनामा शहरातून आलेली एक परिचारिका होती. माझ्याच वयाची, तिच्याही कडेवर मूल. तिनं खोक्यातून उन्हाच्या मलमाच्या दोन नळ्या काढल्या आणि आमच्यासमोर ठेवल्या.

"ही पातळ. लगेच जिरते, दिसत नाही. ही घट्ट. चुन्यासारखी पांढरी बसते, पण घामानं लवकर उतरत नाही. काम काय करता?"

"रान तोडतो," डेलफिनो म्हणाला.

तिनं हातातलं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "आणि कुणी दुसरं नाही का तोडायला?"

तो हसला नाही. "नाही."

"मग घट्ट घ्या. निघायच्या आधी घरातच लावा, होडीत बसून नव्हे. ऊन डोक्याकडे यायला लागलं की परत एकदा. कान विसरू नका. ओठ विसरू नका, ओठ सगळे विसरतात. आणि हे बघा, नुसत्या मलमावर राहू नका. आधी कापड, मग सावली, आणि जिथं ती दोन्ही पोचत नाहीत तिथं मलम."

त्यानं ऐकलं सगळं, पण घेतली पातळ. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "आधीच चांदोबा म्हणतात. चुना फासून गेलो तर भिंत म्हणतील."

पातळ मलमानं दुपारपर्यंत तग धरला. मग घामाबरोबर ते डोळ्यांत उतरलं. त्याचे डोळे आधीच उन्हाला भिणारे. कोयता उगारला आणि खाली आला तो फांदीऐवजी नडगीवर. जखम खोल नव्हती, विजारीनं वाचवलं. पण बाबांनी त्याला होडीत बसवून घरी आणला, त्यामुळे अर्धा दिवस रान तसंच उभं राहिलं. दाराशी येऊन बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "बायकोला बोलाव, धुऊन घे, असं त्याला सांग." मी समोरच होते. त्यांनाही काय बोलावं ते सुचत नव्हतं असं मला वाटलं.

मी एकटी होडी घेऊन गेले आणि पातळ नळी देऊन घट्ट आणली. नळी मात्र लहान होती. रोज सगळ्या तोंडाला लावली असती तर वारा पडायच्या आधीच संपली असती. म्हणून मी तिचं म्हणणं धरलं. आधी कापड. माझं डोक्याला बांधायचं लाल-पिवळं फडकं होतं, लग्नातलं. ते मी त्याच्या डोक्यावरून घेऊन गालांवरून, हनुवटीखालून गुंडाळलं. फक्त डोळे, नाक आणि ओठ उघडे राहिले. तेवढ्याला मलम. आरसा नव्हता. मीच त्याचा आरसा. मी बोटानं नाकावर फासलं, पापण्यांच्या कडेनं फासलं.

"कसा दिसतोय?"

"माझ्या मावशीसारखा."

"कुठल्या? बऱ्या दिसणाऱ्या, का त्या दुसऱ्या?"

आम्ही हसलो. त्या काळोखात, नागे झोपलेली असताना, आम्हाला वाटलं की जमलं.

धक्क्यावर वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसांनी मान वर केली. असं फडकं आमच्याकडे फक्त बायका बांधतात. बेनितोकाकांनी वल्हं छातीशी धरून वाकून नमस्कार केला. "या, वहिनी, या. बसा. होडी हलते हं, जपून." पलीकडच्या होडीतलीही माणसं हसली. कुणीतरी विचारलं, "इनातोय, मुलगी दिलीस की सून आणलीस?"

बाबांच्या मानेवरची शीर मला पाठीमागून दिसली. ते वळले नाहीत. "एडिल्मा, त्याला सांग. माझ्या होडीत बाई नको."

मी सांगितलं नाही. पहिल्यांदाच. डेलफिनोनं स्वतःच गाठ सोडली, फडक्याची नीट चौकोनी घडी केली आणि माझ्या हातात दिली. "नागेच्या झोळीवर टाक," म्हणाला. "माश्या बसतात." आणि उघड्या तोंडानं होडीत बसला.

त्या दिवशी त्याचा खालचा ओठ मधोमध चिरला. संध्याकाळी मीठ घातलेला घास त्याला घेता येईना. बाबांनी एकदा त्या ओठाकडे बघितलं, ताट सारलं आणि न जेवता सभाघराकडे निघून गेले.

"बघितलंस?" मी आईला म्हटलं. रडू येत होतं, पण रागानं. "जेवणसुद्धा जात नाही त्यांना ह्याच्यासमोर. एवढी लाज?"

आई नारळ खवत होती. तिचा हात थांबला नाही. "लाज नाही ती. तुझ्या आत्याला तू पाहिलं नाहीस. तुझ्या बाबांची धाकटी बहीण. सिपू होती. घरात बसून बसून कंटाळली आणि एका वर्षी हट्टानं केळी आणायला जायला लागली. तुझे बाबाच न्यायचे होडीतून. कुणी नेत नव्हतं, हे नेत होते. लाडकी ना. तिच्या ओठाला अशीच चीर पडली. भरली नाही. वाढत गेली. शेवटी शेवटी तिला पाणी पाजायचं तर पिसानं पाजावं लागे." आईनं वाटी पुढं ओढली. "त्यांना तो जायला हवाय, एडिल. त्याच्या आईच्या घरी, सावलीत. जिवंत."

"मग तसं सांगत का नाहीत त्याला?"

"कुणाकरवी सांगणार? तुझ्याकरवी?"

डेलफिनो कुडाच्या पलीकडे नागेला झोके देत होता. त्याला ऐकू गेलं असणार. झोळीचा दोर करकरायचा थांबला आणि जरा वेळानं पुन्हा सुरू झाला.

झोपताना तो म्हणाला, "पलीकडच्या टोकाकडून तोडायला घेतलं तर उभी झाडं सूर्याच्या आड येतात. दुपारपर्यंत सावली माझ्या अंगावर राहील. आता ओढ्याकडून तोडतोय, तर जेवढं तोडतो तेवढं ऊन मीच माझ्यावर पाडून घेतो."

"मग सांग की त्यांना."

"तू विचारलंस ना त्यांना परवा."

विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, त्याला सांग, माझ्या बापानं ओढ्याकडून तोडलं, त्याच्या बापानं ओढ्याकडून तोडलं. पाणी जवळ, वाट जवळ, साप वर पळतात. तेही काही खोटं नव्हतं.

मला झोप लागली नाही. पहाट व्हायच्या आधी मी उठले आणि बाबांचा निळा सदरा खुंटीवरून काढला. लांब बाह्यांचा, ताठ कॉलरचा, सभाघरात बोलायला उभे राहताना घालायचा. तो एकच होता. कात्री हातात घेतली आणि तशीच बसून राहिले. आई उठून आली. तिनं कात्री बघितली, सदरा बघितला. मला वाटलं आता हात धरणार. तिनं सदऱ्याची दुसरी बाजू धरून ताणली.

"पाठ वाया घालवू नकोस," ती कुजबुजली. "पाठीचा पडदा निघेल मानेला."

आम्ही दोघींनी चुलीच्या उजेडात तो सदरा उसवला आणि टाचला. पाठीचा भाग मानेवरून खांद्यापर्यंत लोंबता, बाह्या गालांवरून आणून हनुवटीखाली गाठ मारायला, आणि कॉलर कपाळावर पुढं काढून आत वेताच्या पट्ट्या घातल्या. वाऱ्यानं उडणार नाही आणि पाण्याचं ऊन खालून आत येणार नाही, असं ते झालं. दिसायला कशासारखंच नव्हतं. बटणं तशीच राहिली होती.

डेलफिनोनं ते हातात घेतलं आणि ओळखलं. "एडिल. हे काय केलंस?"

"घाल."

"मामांचा…"

"घाल म्हणते ना. माझा बाप, माझा सदरा."

धक्क्यावर बाबा होडी पाण्यात ढकलत होते. त्यांनी मान वर केली. निळा रंग त्यांना त्या अंधुकातही कळला. बेनितोकाकांनी तोंड उघडलं. त्यांची नजर कॉलरवर गेली, मग बाबांवर गेली आणि त्यांनी तोंड मिटलं. इनातोयच्या सभेच्या सदऱ्याला कोण हसणार?

बाबांनी होडी पुढं लोटली. मला 'त्याला सांग' असंही म्हणाले नाहीत. होडी गेली आणि मी नागेला घेऊन तिथंच उभी राहिले. घरी येऊन शिवण घेतलं तर सुई बोटात गेली. भात लावला तर लागला. शेवटी आई म्हणाली, "चल, पाणी आणायला जाऊ नदीवर. घरात बसून भांडी फोडशील."

आम्ही दोघी पाण्याचे पोकळ भोपळे होडीत टाकून नदीत शिरलो. ओढ्याशी होडी बांधली. नागेला फडक्यात पाठीशी घेऊन मी वर चढले. पडलेल्या झाडांवरून, वाळत चाललेल्या पाल्यावरून. ओढ्याच्या बाजूला कुणी नव्हतं. ऊन नुसतं पसरलं होतं, आणि त्यात कालचा अर्धवट तोडलेला एक बुंधा कुऱ्हाडीचे घाव घेऊन तसाच उभा होता. वाटलं, गेला. झोळी सोडायला गेला.

मग कुऱ्हाडीचा आवाज आला. लांबून, रानाच्या पलीकडच्या टोकाकडून. एक जड घाव आणि त्यामागं एक हलका.

मी उभ्या झाडांमधून वाट काढत गेले. तिथं दोघं होते. तोडायला नुकतीच सुरुवात केलेली जागा, सगळी सावलीत. सूर्य ह्या सगळ्या उभ्या रानाच्या मागं अडकला होता. बाबा मला बघून म्हणाले, "ओढ्याकडं साप फार निघालेत. म्हणून इकडून घेतलं."

"हो बाबा," मी म्हटलं.

ऊन डोक्याकडे यायला लागलं होतं. डेलफिनोनं कुऱ्हाड टेकवली, गाठ सैल केली आणि कमरेची नळी काढली. आरसा नाही, म्हणून तो बोटानं चाचपून लावत होता. नाक. डोळ्यांखाली. आधी एक कान, मग दुसरा. मी पुढं व्हायला निघाले, पण पाठीवर नागे हलली म्हणून थांबले. त्यानं नळीचं झाकण लावलं.

"राहिला," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं, पुढचं ऐकायला. ते माझ्याकडे बघत नव्हते. कोयता हातात लोंबता ठेवून ते सरळ त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"ओठ राहिला, डेलफिनो."

डेलफिनोनं झाकण पुन्हा उघडलं. त्यानं वरच्या ओठाला लावलं.

"खालचा," बाबा म्हणाले. "चीर आहे तिथं. जास्त लाव. पुसू नकोस."

त्यानं लावलं. बाबा दोन पावलं जवळ गेले, मान तिरकी करून बघितलं, आणि मग वळून त्यांनी आपल्या झाडावर कोयता चालवला.

"मामा," डेलफिनो म्हणाला, "ते जाड झाड आधी पाडायचं की शेवटी?"

"शेवटी," बाबा न वळता म्हणाले. "त्याची सावली बघ केवढी आहे."